उतारवयातील श्वासाचा वेग : वाचकांचे प्रश्न

नाशिकची थंडी जाणवू लागली की या सदराकडे घरातील वडीलधाऱ्यांच्या श्वासाविषयी पत्रे येऊ लागतात, आणि यंदा ती नेहमीपेक्षा अधिक आली आहेत. 'वय झाले, आता दम लागणारच' हे वाक्य त्यांतील निम्म्याहून अधिक पत्रांत कोणत्या ना कोणत्या रूपात आहे, म्हणून या वेळचे सदर याच एका विषयाला दिले आहे. पत्रलेखकांची नावे नेहमीप्रमाणे दिलेली नाहीत.

प्रश्न : माझे सासरे ७८ वर्षांचे आहेत. त्यांना रक्तदाबाची गोळी चालू आहे, बाकी मोठा आजार नाही, आणि सकाळी कॉलनीत ते दोन फेऱ्या मारतात. त्यांचा श्वास मोजला असता मिनिटाला कधी २०, कधी २१ भरतो. एका ठिकाणी १२ ते २० हेच योग्य असे वाचले, तर दुसऱ्या ठिकाणी वृद्धांमध्ये २५ पर्यंत चालते असे वाचले. यांतील खरे काय मानावे? (इंदिरानगर)

उत्तर : दोन्ही आकडे आपापल्या जागी खरे आहेत, पण ते एकाच प्रकारच्या माणसांचे नाहीत. निरोगी प्रौढ व्यक्ती स्वस्थ बसलेली असताना मिनिटाला १२ ते २० श्वास घेते, आणि सत्तरी ओलांडलेली, हिंडती-फिरती, मोठा आजार नसलेली बहुतेक माणसेही याच मर्यादेत राहतात. १६ ते २५ हा आकडा वैद्यकीय साहित्यात आला तो प्रामुख्याने दीर्घकाळ शुश्रूषेखाली असलेल्या वृद्धांच्या नोंदींतून. त्यांच्यापैकी अनेकांना हृदयाचे, फुफ्फुसांचे किंवा मेंदूचे जुने आजार असतात. त्यामुळे २५ हा आकडा केवळ वयाच्या नावे लिहून टाकणे योग्य नाही, कारण त्यात आजारांचा वाटा मोठा असतो.

वय स्वतः काय करते, ते थोडे सविस्तर सांगतो. फुफ्फुस हे रबरी फुग्यासारखे लवचीक असते. ते ताणले जाते आणि आपोआप आकसते, म्हणून शांतपणे श्वास सोडायला आपल्याला काहीही कष्ट पडत नाहीत. वयाच्या साधारण पंचविशीपर्यंत फुफ्फुसांची वाढ पूर्ण होते आणि त्यानंतर ही आकसण्याची ताकद हळूहळू कमी होत जाते, सूक्ष्म वायुकोश किंचित रुंदावतात आणि पूर्ण श्वास सोडल्यावरही आत राहणारी हवा वाढते. दुसरीकडे बरगड्यांना छातीच्या हाडाशी जोडणाऱ्या कूर्चा कडक होतात, हाडे ठिसूळ झाल्याने मणके दबून पाठीला पोक येतो, आणि छातीचा पिंजरा पूर्वीसारखा उघडत नाही. श्वासपटल (छाती आणि पोट यांमधला स्नायूंचा पडदा) आणि बरगड्यांमधले स्नायूही दुबळे होतात. जोराने फुंकर मारल्यावर पहिल्या सेकंदात जेवढी हवा बाहेर पडते, ते माप तिशीनंतर दरवर्षी अंदाजे ३० मिलिलिटरने घटते, म्हणजे चाळीस वर्षांत एक लिटरहून अधिक. विडी-सिगारेट ओढणाऱ्यांत ही घट याहून वेगाने होते.

आता याचा श्वासाच्या वेगाशी संबंध कसा, हे एका साध्या हिशेबाने पाहता येईल. स्वस्थ बसलेला प्रौढ माणूस एका श्वासात सुमारे ५०० मिलिलिटर हवा घेतो, पण त्यातील सुमारे १५० मिलिलिटर नाक, घसा आणि श्वासनलिकांमध्येच राहते आणि वायुकोशांपर्यंत पोहोचत नाही. म्हणजे प्रत्येक श्वासात कामाची हवा ३५० मिलिलिटर, आणि १५ श्वासांत ५,२५० मिलिलिटर. छाती कडक झाल्याने श्वास उथळ होऊन ४०० मिलिलिटरवर आला, तर वाया जाणारे १५० तसेच राहतात, कामाची हवा २५० उरते, आणि तेवढीच ५,२५० मिलिलिटर हवा मिळवण्यासाठी २१ श्वास घ्यावे लागतात. प्रत्यक्षात बहुतेक वृद्धांत वेग एवढा वाढत नाही, कारण स्नायूंचा भार कमी झाल्याने विश्रांतीच्या वेळी शरीराची गरजही थोडी घटलेली असते. म्हणून निव्वळ वयामुळे स्वस्थ अवस्थेतील वेगात पडणारा फरक लहान असतो. वय खाऊन टाकते ते गंगाजळीला, म्हणजे ताप, संसर्ग किंवा चढण आली की जी जास्तीची क्षमता उपयोगी पडायची, तिला.

आपल्या सासऱ्यांचे २० किंवा २१ हे आकडे एवढ्यावरून घाबरण्यासारखे नाहीत, पण माझा पहिला प्रश्न असा की वर्षभरापूर्वी ते किती होते. कायम २० श्वास घेणारा आणि हसतखेळत फेऱ्या मारणारा माणूस वेगळा, आणि गेल्या दिवाळीत १५ श्वास घेणारा व आज २१ घेणारा माणूस वेगळा. रात्री झोपताना एकाऐवजी दोन उशा लागू लागल्या आहेत का, संध्याकाळी पायांवर मोज्याची खूण खोल उमटते का, फेऱ्या दोनाऐवजी एकावर आल्या आहेत का, याकडे लक्ष द्यावे, आणि यांतील काही आढळल्यास रक्तदाबाची गोळी देणाऱ्या आपल्या डॉक्टरांना हे सारे एकत्र सांगावे.

मोजण्याच्या पद्धतीविषयी येथेच लिहितो, कारण निम्मा गोंधळ तिथेच असतो. नाडी माणसाला स्वेच्छेने बदलता येत नाही, पण श्वास बदलता येतो. 'आबा, तुमचा श्वास मोजते हं' असे म्हटले की आबांचा श्वास लगेच बदललाच समजा. आम्हाला विद्यार्थिदशेत शिकवले होते की नाडी मोजून झाली तरी रुग्णाचे मनगट सोडायचे नाही. त्याचा हात तसाच धरून अलगद त्याच्याच छातीवर टेकवायचा आणि तो हात किती वेळा वर उचलला जातो ते गुपचूप मोजायचे. थंडीत शाल पांघरलेली असेल तर छातीची हालचाल डोळ्यांना नीट दिसत नाही, पण हातावर ठेवलेल्या आपल्या बोटांना ती स्पष्ट कळते. वर जाणे आणि खाली येणे मिळून एक श्वास. घड्याळाच्या सेकंदकाट्यावर पूर्ण ६० सेकंद मोजावे. १५ सेकंद मोजून चाराने गुणले तर एका श्वासाची चूक चार श्वासांची होते, आणि १८ व २२ यांतला फरकच आपल्याला हवा आहे. जेवणानंतर लगेच, जिना चढून आल्यावर किंवा बोलत असताना मोजू नये. दहा मिनिटे स्वस्थ बसल्यावर मोजावे. ज्यांच्या घरी सत्तरीपुढचे माणूस आहे त्यांनी ते बरे असताना आठवडाभर रोज एकदा मोजून तो आकडा औषधांच्या फाईलच्या पहिल्याच पानावर लिहून ठेवावा. माझ्या मते ही नोंद महागड्या तपासण्यांच्या अनेक कागदांपेक्षा अधिक कामाला येते.

प्रश्न : मागच्या हिवाळ्यात माझी ७४ वर्षांची आई दोन दिवस जेवेना, गोठ्यात बांधलेल्या गाईला जुन्या, कधीच विकलेल्या गाईच्या नावाने हाक मारू लागली, आणि बसल्या जागी भराभर श्वास घेत होती. ताप अजिबात नव्हता, खोकलाही नावापुरता. गावात दाखवले तेव्हा 'वयोमानाने होते' असे सांगून शक्तीची औषधे दिली. तिसऱ्या दिवशी नाशिकला आणले तेव्हा न्यूमोनिया निघाला. ती बरी झाली, पण ताप नसताना न्यूमोनिया कसा, हे अजून समजलेले नाही. (दिंडोरी तालुका)

उत्तर : आपली आई बरी झाली हे वाचून फार समाधान वाटले, आणि आपण हे पत्र पाठवले याबद्दल आपले आभार, कारण या अंकातील सर्वांत महत्त्वाची गोष्ट आपल्या पत्रात आहे.

ताप हा जंतूंनी निर्माण केलेला नसतो, तो त्यांच्याशी लढणाऱ्या शरीराने निर्माण केलेला असतो. वय वाढते तशी ही प्रतिक्रिया मंदावते, आणि मूळचे तापमानही थोडे कमी असल्याने जेवढी वाढ होते तेवढीही थर्मामीटरवर 'ताप' म्हणून दिसत नाही. खोकल्याची संवेदनाही बोथट होते. त्यामुळे बऱ्याच वृद्धांत न्यूमोनिया येतो तो अन्नावरची वासना उडणे, एकाएकी भ्रमिष्टासारखे बोलणे, तोल जाऊन पडणे आणि श्वासाचा वेग वाढणे अशा रूपात. यांत श्वासाचा वेग हे एकच लक्षण असे आहे की जे घरातील कोणालाही मोजता येते, आणि ते अनेकदा इतर लक्षणे स्पष्ट होण्याआधीच वाढू लागलेले असते.

आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. रक्तातील प्राणवायू कमी झाला किंवा कार्बन डायऑक्साइड वाढला की मेंदू श्वास वाढवण्याची आज्ञा देतो. म्हातारपणी ही आज्ञा तरुणपणाइतकी जोरकस राहत नाही, आणि दम लागल्याची जाणीवही तितकी तीव्र नसते. म्हणून 'दम लागतो का?' या प्रश्नाला आजी 'नाही रे बाबा' असे उत्तर देतात आणि त्या खोटे बोलत नसतात. याचाच दुसरा अर्थ असा की आज्ञा क्षीण असूनही ज्या वृद्ध व्यक्तीचा वेग २८ वर गेला आहे, तिच्या शरीरात काहीतरी गंभीर चालू आहे.

ब्रिटनच्या रॉयल कॉलेज ऑफ फिजिशियन्सने २०१२ मध्ये तयार केलेली आणि २०१७ मध्ये सुधारलेली धोक्याच्या सूचनेची एक गुणपद्धती रुग्णालयांत वापरली जाते. तीत मिनिटाला १२ ते २० श्वासांना शून्य गुण, २१ ते २४ ला दोन गुण, आणि २५ किंवा त्याहून अधिक वेगाला तीन, म्हणजे सर्वाधिक गुण आहेत. ८ किंवा त्याहून कमी वेगालाही तीनच. या पद्धतीत ८० वर्षांच्या माणसाला वयाची कोणतीही सूट दिलेली नाही. न्यूमोनियाची तीव्रता ठरवण्याच्या दुसऱ्या एका प्रचलित पद्धतीत ३० किंवा अधिक श्वास हे गंभीरतेचे चिन्ह मानले जाते, आणि ६५ व त्यापुढील वयाला तर स्वतंत्र गुण मिळतो, म्हणजे वयामुळे काळजी वाढते, कमी होत नाही.

यावरून घरासाठी माझे सांगणे असे : स्वस्थ बसलेल्या वृद्ध व्यक्तीचा वेग नेहमीपेक्षा चार-पाचने वाढून टिकून राहिला, तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे. तो २५ च्या वर असेल, बोलणे असंबद्ध झाले असेल, ओठ निळसर दिसत असतील, किंवा एक वाक्य पुरे करताना मध्ये श्वास घ्यावा लागत असेल, तर सकाळची वाट न पाहता १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. निफाड-दिंडोरीच्या पट्ट्यात पारा उतरतो त्या दिवसांत दारे-खिडक्या लावून घरात शेगडी किंवा चूल पेटवली जाते. वृद्धांच्या खोलीत हे करू नये, कारण धूर श्वासनलिकांना त्रास देतो आणि बंद खोलीतील कार्बन मोनॉक्साइड जिवावर बेततो. आईंना दरवर्षी फ्लूची लस आणि न्यूमोकोकस या न्यूमोनियाच्या जंतूविरोधी लस देण्याविषयी डॉक्टरांशी अवश्य बोलावे.

प्रश्न : बोटाला लावायचे ऑक्सिमीटर घरी आहे आणि वडिलांचा आकडा ९६ येतो. मग श्वास मोजण्याची काय गरज? (सातपूर)

उत्तर : गरज आहे, कारण ९६ हा आकडा शरीर कोणत्या किमतीवर टिकवत आहे, ते ऑक्सिमीटर सांगत नाही. १४ श्वासांवर ९६ आणि २८ श्वासांवर ९६ यांत फार मोठे अंतर आहे. दुसऱ्या माणसाचे स्नायू थकले की आकडा झपाट्याने घसरतो. शिवाय गार पडलेले बोट, नखावरील रंग किंवा गडद मेंदी यांमुळे ऑक्सिमीटर फसू शकते. हात चोळून ऊबदार करावा, आकडा स्थिर होईपर्यंत थांबावे आणि दोन्ही नोंदी शेजारी-शेजारी लिहाव्यात.

प्रश्न : मी ६९ वर्षांचा निवृत्त शिक्षक आहे. दरवर्षी सप्तशृंग गडाच्या पायऱ्या चढून दर्शन घेतो. यंदा तीन ठिकाणी बसावे लागले आणि वर गेल्यावर श्वास शांत व्हायला बराच वेळ लागला. पुढच्या वर्षी ट्रॉलीने जावे का? (नाशिकरोड)

उत्तर : ट्रॉलीने जाण्यात काहीच गैर नाही, पण पुढच्या वर्षाची वाट पाहण्याआधी या वर्षीचा बदल समजून घेणे आवश्यक आहे. पाचशेहून अधिक पायऱ्या चढताना विशीतल्या मुलालाही धाप लागते आणि वेग ३० च्या वर जातो. ते स्वाभाविक आहे. गडाची उंची प्राणवायू कमी पडावा एवढी नाही. विरळ हवेचा त्रास साधारणपणे २,५०० मीटरच्या पुढे सुरू होतो. वयानुसार क्षमता घटते हे खरे, पण ती वर्षाला थोडी-थोडी घटते. एका वर्षात न थांबता चढणाऱ्या माणसाला तीनदा बसावे लागणे ही घट वयाच्या गतीची वाटत नाही.

मधुमेह असलेल्यांत, स्त्रियांत आणि वृद्धांत हृदयाच्या रक्तवाहिन्यांचा आजार कित्येकदा छातीत न दुखता केवळ श्रमाच्या दमाने प्रकट होतो. रक्तक्षय, थायरॉइडचे विकार, हृदयाच्या झडपेचे आकुंचन हीसुद्धा अशीच दबा धरून बसणारी कारणे आहेत. म्हणून हिमोग्लोबिन, थायरॉइड, ईसीजी, छातीचा एक्स-रे, टू-डी इको (हृदयाची सोनोग्राफी) आणि स्पायरोमेट्री (यंत्रात फुंकर मारून फुफ्फुसाची क्षमता मोजणे) या तपासण्यांपैकी आपल्याला कोणत्या लागतील, हे आपल्या डॉक्टरांकडून ठरवून घ्यावे. त्यांचे अहवाल ठीक आले तर कान्हेरे मैदानाच्या जॉगिंग ट्रॅकवर रोज अर्धा तास अशा वेगाने चालावे की शेजाऱ्याशी बोलता येईल, पण गाणे म्हणता येणार नाही. फुफ्फुसाची गेलेली लवचीकता व्यायामाने परत येत नाही, परंतु पायांचे आणि श्वासाचे स्नायू बळकट झाले की तेच काम कमी श्वासांत होते. आपण शिक्षक आहात म्हणून एक नोंद ठेवण्याची विनंती करतो : चालणे थांबवल्यावर श्वास मूळ पदावर यायला किती मिनिटे लागली, ते दर रविवारी लिहावे.

प्रश्न : आई (८१) झोपेत १५-२० सेकंद श्वासच घेत नाही. मग हळूहळू श्वास सुरू होतो, मोठा मोठा होत जातो, पुन्हा लहान होतो आणि थांबतो. मी रात्रभर जागी असते. (पंचवटी)

उत्तर : आपण जे वर्णन केले आहे ते इतके नेमके आहे की त्याला वैद्यकशास्त्रात दोन डॉक्टरांची नावे आहेत : डब्लिन येथे काम करणाऱ्या जॉन चेन यांनी १८१८ मध्ये आणि विल्यम स्टोक्स यांनी १८५४ मध्ये श्वासाच्या या भरती-ओहोटीची नोंद केली. झोपेत श्वासाची लय थोडी अनियमित होणे उतारवयात आढळते, पण अशी ठळक चढ-उतार बहुधा हृदय कमजोर झाल्याचे किंवा मेंदूच्या जुन्या आघाताचे चिन्ह असते. मोठ्याने घोरणे आणि मग गुदमरून जागे होणे हा प्रकार वेगळा. त्यात घशाशी मार्ग बंद होतो. डॉक्टरांना हा फरक शब्दांपेक्षा चित्रफितीवरून चटकन कळतो, म्हणून छातीची हालचाल दिसेल असा दोन-तीन मिनिटांचा व्हिडिओ मोबाइलवर घ्यावा आणि या आठवड्यातच हृदयरोगतज्ज्ञांना दाखवावा. आईंना झोपेची गोळी किंवा ट्रामाडॉलसारखे तीव्र वेदनाशामक चालू असल्यास तेही सांगावे, कारण ही औषधे श्वास मंदावतात. मात्र जुनी झोपेची गोळी स्वतःहून एकदम बंद करू नये. आणि रात्रीची पाळी भावंडांत वाटून घ्यावी, ही डॉक्टर म्हणून नव्हे तर वडीलधारा म्हणून विनंती.

प्रश्न : 'श्वास मोजून मिळालेले असतात' असे आमच्या आजी म्हणत. प्राणायामाने वेग कमी केला तर आयुष्य वाढते का? (गंगापूर रोड)

उत्तर : तसे सिद्ध झालेले नाही. सराव करताना मिनिटाला सहाच्या आसपास संथ श्वास घेतल्याने मन निवते आणि रक्तदाब थोडा उतरण्यास मदत होते, म्हणून तो जरूर करावा. पण एरवीचा वेग मेंदूवर सोपवावा, तो बळेच आवरू नये. हृदयरोग, अनियंत्रित रक्तदाब, काचबिंदू किंवा हर्निया असणाऱ्यांनी श्वास रोखून धरणे आणि जोरकस कपालभाती टाळावी.

प्रश्न : सासूबाईंना काचबिंदूसाठी डोळ्यांत थेंब सुरू केल्यापासून छातीत घरघर होते आणि धाप लागते. डोळ्यांच्या औषधाने असे होईल का? (सिडको)

उत्तर : होऊ शकते. टिमोलॉल हे काचबिंदूवर सर्रास दिले जाणारे औषध डोळ्याच्या कोपऱ्यातील नलिकेतून नाकात उतरते, तेथून रक्तात शोषले जाते आणि दम्याची प्रकृती असलेल्या माणसाच्या श्वासनलिका आकुंचित करू शकते, नाडीही मंदावते. दम्याचा इतिहास असेल तर हे औषध देतच नाहीत, पण डोळे दाखवायला गेलेल्या माणसाला आपल्या जुन्या दम्याविषयी सांगायचे सुचत नाही. थेंबांच्या बाटलीवरील नाव पाहावे आणि आजच नेत्रतज्ज्ञांना फोन करून घरघरीबद्दल सांगावे. ते दुसऱ्या गटातील थेंब लिहून देतील. त्यांना न विचारता थेंब सोडून मात्र देऊ नयेत, कारण काचबिंदूने गेलेली दृष्टी परत येत नाही. नवे थेंब घातल्यावरही डोळा मिटून नाकाजवळचा कोपरा बोटाने दोन मिनिटे हलकेच दाबून धरावा, म्हणजे औषध डोळ्यातच राहते.